पीजे हार्वीचा ‘लेट इंग्लंड शेक’: शब्दांत मुडदे आणि चाल मात्र ठेका धरायला लावणारी?

सांजवारा
मंडळी, पाश्चात्त्य संगीतावरचे इथले धागे बीटल्स आणि पिंक फ्लॉइडच्या पुढे फारसे सरकत नाहीत, म्हणून हा एक. पीजे हार्वी ही इंग्लंडच्या डॉरसेट परगण्यातली गायिका. तिचा ‘लेट इंग्लंड शेक’ हा अल्बम फेब्रुवारी २०११ मध्ये आला. १२ गाणी, सगळी मिळून जेमतेम ४० मिनिटं. विषय युद्ध, आणि त्यातली निदान तीन-चार गाणी थेट पहिल्या महायुद्धातल्या, १९१५ च्या तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेवर. ‘मोजो’, ‘अनकट’, ‘एनएमई’, ‘गार्डियन’ या सगळ्या ब्रिटिश नियतकालिकांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम म्हणून हाच निवडला. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ब्रिटनमधलं मर्क्युरी पारितोषिकही मिळालं.

आता माझी अडचण. चौथं गाणं ‘द वर्ड्स दॅट मेकेथ मर्डर’. त्यातला शिपाई सांगतो की त्याने माणसं मांसाच्या गोळ्यांसारखी कोसळताना पाहिली, झाडांवर हातपाय लटकलेले पाहिले. आणि चाल? टाळ्या, झुलता ठेका, मागे बापयांचा कोरस. काल भाजी चिरता चिरता मी नेमकी तीच ओळ गुणगुणत होते, आणि लक्षात आल्यावर कसंनुसं झालं.

हे मुद्दाम केलंय हे मलाही कळतं. पण मुद्दाम केलेलं सगळं चांगलंच असतं का? तुम्हाला काय वाटतं? नुसत्या लिंका टाकून पळू नका.

टवाळ_मधू
आधी पोहे, मग प्रतिसाद. जागा धरून ठेवतो.

रानभैरी
ताई, धाग्याबद्दल आभार. या बाईची मी १९९५ च्या ‘टू ब्रिंग यू माय लव्ह’पासूनची चाहती.

एक गोष्ट सांगायलाच हवी. या अल्बमचे शब्द आधी लिहिले गेले, संगीत नंतर आलं. दोन वर्षांहून जास्त काळ ती नुसतं लिहीत होती. इराक-अफगाणिस्तानातल्या शिपायांच्या आणि सामान्य लोकांच्या जबान्या वाचत होती, स्पॅनिश चित्रकार गोयाची युद्धचित्रं बघत होती, कवी एलियट आणि नाटककार पिंटर वाचत होती. मग शब्द कोणत्या आवाजात म्हणायचे याचा शोध. तिचा नेहमीचा घोगरा, खालचा आवाज इथे जवळजवळ नाहीच. वरच्या पट्टीत, पातळ, थोडा पोरकट म्हणावा असा आवाज आहे. मोठ्याने आक्रोश केला असता तर ते भाषण झालं असतं. इथे गाणारी बाजूला उभी राहून पाहिलेलं सांगते, एवढंच.

त्यामुळे चालीबद्दल म्हणाल तर मला ती शब्दांच्या पोटातूनच आलेली वाटते.

पुणेरी_पंचा
ऐकला. ४० मिनिटं गेली ती परत मिळणार नाहीत. आवाज किरटा, वाद्यं खेळण्यातली. पहिल्याच गाण्यात ते टिणटिण वाजणारं झायलोफोन सुरू झालं तर बायकोने आतून विचारलं, कुणाच्या बाळाचं काही आणलंय का?

समीक्षकांना कुणी महायुद्ध म्हटलं की आपोआप हुंदका येतो. विषय गंभीर म्हणून कलाकृती थोर, हा हिशोब मला मान्य नाही.

रानभैरी
@पुणेरी_पंचा, त्या टिणटिणीची गंमत ऐका. मूळ खर्ड्यात तिथे ‘इस्तंबूल (नॉट कॉन्स्टँटिनोपल)’ या १९५० च्या दशकातल्या फोर लॅड्स या गायकचमूच्या गमतीशीर गाण्याचा तुकडा वाजत होता. एप्रिल २०१० मध्ये बीबीसीवर अँड्र्यू मार यांच्या रविवार सकाळच्या कार्यक्रमात तिने ते तसंच गायलं. काळा पोशाख, डोक्यावर पिसं, हातात ऑटोहार्प नावाचं तारांचं वाद्य, आणि त्या दिवशीचे दुसरे पाहुणे कोण? तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन! निवडणूक तोंडावर, अफगाणिस्तानात फौजा, आणि त्यांच्यासमोर ही बाई इंग्लंडची वासलात गातेय. अल्बममध्ये तो तुकडा काढला आणि त्याची धून झायलोफोनवर ठेवली. इस्तंबूल कशाला, तर गॅलिपोलीची सगळी मोहीम इस्तंबूलची वाट मोकळी करायलाच होती. तेव्हा ते खेळणं तिथे उगाच पडलेलं नाही.

पुणेरी_पंचा
संदर्भ भारी आहे. पण तळटीप वाचल्याशिवाय जी चव लागत नाही ती चव कसली?

ढोलताशा_निवृत्त
@पंचा +१, पण थोडासाच.

@सांजवारा, तुमचा प्रश्न मला पोवाड्याकडे घेऊन गेला. डफ, तुणतुणं, मागे झीलकरी. आणि जिथे मुडद्यांचे खच पडतात नेमकं तिथेच शाहीर लय वाढवतो, आणि समोरचा माणूस मांडीवर ठेका धरतो. आपण कधी म्हटलं का की हे असंवेदनशील आहे?

मीनल_ठाणे
ढोलताशा, हे पटत नाही. पोवाड्यात लय वाढते ती शौर्य अंगावर यावं म्हणून. इथे शौर्य कुठेच नाही. इथे माणसं चिखलात पडतात आणि त्यांच्यावर माश्या बसतात. ठेका तोच, काम उलटं.

ढोलताशा_निवृत्त
पानिपतावरही पोवाडे आहेत की ताई. तिथे कुठला विजय होता?

मीनल_ठाणे
पराभव होता, पण वीर होते, त्यांची नावं होती. हार्वीच्या गाण्यात सेनापतीच नाही. साधा शिपाई, टेकडी, वारा, तारेचं कुंपण. ‘ऑन बॅटलशिप हिल’ सुरू होतं तेच रानातल्या थाइमच्या वासाने. लढाईला वर्षं लोटली आहेत, टेकडीला काही सोयरसुतक नाही. त्या गाण्यात चाल उडती नाहीये बरं का, आवाज एकदम वर चढतो आणि काटा येतो. तेव्हा अख्खा अल्बम उड्या मारतोय असं नाही.

काळी_मिरी
अवांतर: थाइम आणि आपला ओवा, दोन्हींत थायमॉल असतं, म्हणून वास सारखा. ओव्याच्या पानांची भजी आठवली. चालू द्या.

टवाळ_मधू
गॅलिपोलीहून थेट भजीवर. हेच ते मराठी संकेतस्थळ.

सुभेदार_मेजर_नि.
मी लष्करातून निवृत्त. गाण्यातलं फार कळत नाही. मुलीने हा धागा दाखवला म्हणून तिसरं गाणं ‘द ग्लोरियस लँड’ ऐकलं. मध्येच बिगुल वाजला. मला वाटलं मोबाइलवर दुसरं काहीतरी उघडं राहिलंय. बंद करायला गेलो तर कळलं, तो गाण्यातच आहे! ना सुरात ना लयीत. गाणं आपलं चाललंय आणि बिगुल त्याच्या अंगावर येतोय.

मुलगी म्हणाली हे जाणूनबुजून. पटलं. छावणीत पहाटेचा बिगुल असाच असतो. तुमचं स्वप्न काय चाललंय हे तो विचारत नाही.

त्याच गाण्यात जमीन कशाने नांगरली जाते ते आहे, रणगाड्यांनी आणि कवायतीच्या पायांनी. आणि पीक काय येतं, तर अनाथ आणि व्यंग असलेली पोरं. हे ऐकून मी हेडफोन काढून ठेवला. पूर्ण अल्बम अजून ऐकलेला नाही.

सांजवारा
सुभेदार साहेब, तुमच्या प्रतिसादासाठीच धागा काढला असं समजा. सवडीने बाकीचं ऐका, घाई नाही.

जुनी_पेटी
वाद्यांबद्दल थोडं. ऑटोहार्प म्हणजे लाकडी खोक्यावर ताणलेल्या तीस-पस्तीस तारा आणि त्यांच्यावर आडव्या पट्ट्या. पट्टी दाबली की नको त्या तारा मुक्या होतात आणि हव्या त्या स्वरसमूहाच्या तेवढ्या मोकळ्या राहतात. मग हात नुसता फिरवायचा. आपल्या स्वरमंडळाला पट्ट्या बसवल्या तर जे होईल ते. नवख्या माणसालाही पहिल्या दिवशी गाण्याला साथ करता येते, म्हणून अमेरिकेत शाळांतून आणि लोकगीतांत ते फार चाललं.

हार्वी मुळात गिटारवाली. २००७ च्या ‘व्हाइट चॉक’मध्ये तिने पियानो धरला, जो तिला सराईत येत नव्हता, आणि इथे ऑटोहार्प. हात सरावलेला नसला की जुन्या सवयीच्या चाली निघत नाहीत, हा फायदा. शिवाय त्या तारांची गुणगुण गाणं संपलं तरी हवेत राहते. चर्चमध्ये ध्वनिमुद्रण केल्यामुळे ती अजूनच पसरली आहे.

ब्रिस्टलची_सून
चर्चचा विषय निघाला म्हणून मुद्दाम लॉगिन केलं. आमच्या घरापासून दोनेक तासांवर आहे ते. गावाचं नाव लिहितात एक आणि म्हणतात ‘ईप’. ब्रिडपोर्टजवळ, समुद्राच्या बाजूला. सेंट पीटर्स, एकोणिसाव्या शतकातलं छोटंसं दगडी चर्च, आता तिथे कलाकेंद्रही चालतं. आधी तिचा विचार बर्लिनचा होता म्हणे, पण शेवटी घराजवळच्या या टेकाडावर आली. एप्रिल-मे २०१० मध्ये पाच आठवडे चौघं-पाचजण तिथे एकत्र बसून वाजवत होते.

आम्ही गेलो तेव्हा चर्चला कुलूप होतं. बाहेर कबरी, त्यावर शेवाळ, आणि वारा असा की नवऱ्याची टोपी कुंपणापलीकडे गेली. तिकडे जवळपास प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धाचा स्मृतिस्तंभ असतो. चार घरांचं गाव असलं तरी. नावं कोरलेली, एकाच आडनावाची दोन-तीन. नोव्हेंबरात त्यावर लाल पॉपीची कागदी चक्रं. हे दरवर्षी बघत मोठी झालेली बाई हा अल्बम करते, त्यामुळे ‘समीक्षकांना महायुद्ध म्हटलं की हुंदका’ हे अर्धंच खरं. तिथे हुंदक्याचे ठरलेले दिवस आहेत, मौनाची ठरलेली दोन मिनिटं आहेत. तिने त्या ठरलेल्या सुरात गायचं नाकारलं. माझ्या सासूबाईंना अल्बम अजिबात आवडत नाही, त्याचं कारण हेच असावं.

कृष्णाकाठचा
वाचत होतो, गप्प बसणार होतो. पण वरची ‘नावं कोरलेली’ ही ओळ वाचून राहवलं नाही.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्या शाळेच्या भिंतीत संगमरवराची पाटी आहे, इंग्रजीत. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतकी माणसं गेली, त्यातली इतकी मेली. बस. नाव एकाचंही नाही. आम्ही पोरं त्या पाटीवर खडूने यष्ट्या काढून क्रिकेट खेळायचो. अशाच धाटणीच्या पाट्या आपल्याकडे गावोगाव आहेत. अपशिंगे मिलिटरी तर सगळ्यांना ठाऊक आहे, त्या एका गावातले ४६ जण त्या महायुद्धात कामी आले.

आपली माणसं मुख्यतः गेली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. तिकडे गेलेल्या ६ व्या डिव्हिजनचं नावच पुण्याचं, ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ अखेरपर्यंत कुट-अल-अमारात तुर्कांचा वेढा. धान्य संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, कित्येक हिंदी शिपाई धर्मापायी खाईनात आणि हाडं वर आली. शेवटी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार कैद झाले, कितीतरी वाळवंटातून चालवत नेताना मेले.

बसऱ्याला त्यांचं स्मारक आहे. गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. हे मी रागाने म्हणत नाही, राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगानेच २०२१ च्या अहवालात कबूल केलंय.

तर माझा प्रश्न: इंग्लंडला हलवायचं म्हणता, मग तुमच्या ४० मिनिटांत आम्ही कुठे आहोत?

मीनल_ठाणे
कृष्णाकाठचा, प्रतिसाद काळजाला लागला.

चिकू_बर्फी
प्रश्न रास्त आहे पण चुकीच्या दारात ठोठावताय दादा. गॅलिपोलीतही हिंदी फौज होती: गुरखे, शीख, डोंगरी तोफखाना आणि खेचरवाले. ऑगस्ट १९१५ मध्ये ६ वी गुरखा पलटण सारी बैरच्या कड्यावर पोचली होती. हार्वीने त्यांचं नाव घेतलं नाही हे खरं. पण तिने इंग्लिश माणसांचं तरी कुठे धड घेतलंय? बॉबी, वॉकर अशी नुसती हाक मारल्यासारखी नावं येतात. जिवलग मित्र म्हणून नाव मिळतं ते शेवटच्या ‘द कलर ऑफ द अर्थ’मधल्या लुईला, आणि तो अँझॅकच्या खंदकातला, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचा. ते गाणं सुरू करतो तोही ऑस्ट्रेलियन, तिच्या साथीतला मिक हार्वी.

आणि आपलं दुःख इंग्लंडच्या बाईने गावं ही अपेक्षाच का? आपल्याकडे कुणी गायलं?

टवाळ_मधू
मिक हार्वी तिचा कोण? भाऊ, काका, चुलत?

चिकू_बर्फी
कुणीच नाही. आडनाव तेवढं एक. आपल्याकडे दोन कुलकर्णी भेटले की गाव कोणतं विचारतात, तसं त्यांनाही विचारून विचारून भंडावलं असेल.

कृष्णाकाठचा
@चिकू_बर्फी, ‘आपल्याकडे कुणी गायलं’ याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ‘इंग्लंड’ नावाचं गाणं असलेल्या अल्बममध्ये साम्राज्य हा शब्दच नसावा हे मला बोचतं, ते बोचतंच.

रानभैरी
@कृष्णाकाठचा, तुम्ही म्हणता तेच ‘इंग्लंड’ गाणं पुन्हा एकदा हेडफोन लावून ऐका. तिच्या आवाजामागे दुसरा एक आवाज रडल्यासारखा तान घेतोय, ऐकू येईल. तो सईद अल कुर्दी नावाचा कुर्दी गायक. १९२० च्या दशकात बगदादेत झालेल्या ध्वनिमुद्रणातला तुकडा आहे तो. ब्रिटिश फौजांनी बगदाद घेतलं मार्च १९१७ मध्ये. म्हणजे तुमच्या पलटणी ज्या मुलखात गेल्या, तिथलाच आवाज, त्या लढाईनंतर दहा-बारा वर्षांच्या आतला. आणि तो वाजतोय कुठे, तर देशावरच्या प्रेमाच्या गाण्याखाली. ती इंग्लंडवरचं प्रेम गाते आणि तो माणूस तिला धड गाऊ देत नाही.

साम्राज्य हा शब्द नाही, कबूल. पण तो आवाज तिथे काय करतोय हा प्रश्न तिने ऐकणाऱ्यावर सोडलाय.

कृष्णाकाठचा
हे माहीत नव्हतं. ऐकतो.

पुणेरी_पंचा
परत तळटीप!

जुनी_पेटी
पंचा, तळटीप बाजूला ठेवा, तो आवाज तिच्या सुरापासून किती हललेला आहे ते कानाने ऐका. त्याला तळटीप लागत नाही.

आणि असे आगंतुक आवाज अल्बमभर आहेत. ‘रिटन ऑन द फोरहेड’मध्ये जमैकाच्या नायनी द ऑब्झर्व्हरच्या रेगे गाण्याचा तुकडा आहे, बिगुल वर आलाच. कुठलंही गाणं एकट्याने स्वस्थ बसलेलं नाही.

काळी_मिरी
रच्याकने (बाय द वे), मर्क्युरी दोनदा मिळवणारी ती पहिली आणि एकटीच ना? पहिलं २००० च्या ‘स्टोरीज फ्रॉम द सिटी’ अल्बमला, २००१ मध्ये. घोषणेचा दिवस ११ सप्टेंबर! ती नेमकी वॉशिंग्टनमध्ये, हॉटेलच्या खिडकीतून पेंटागॉन दिसत होतं, आणि पारितोषिक फोनवरून स्वीकारलं. दहा वर्षांनी दुसरं मिळालं ते युद्धाच्याच गाण्यांना.

टवाळ_मधू
पोहे संपले. आता प्रतिसाद.

सांजवाराताई, तुमच्या लाडक्या चौथ्या गाण्याच्या शेवटी शिपाई परत परत एकच विचारतो, माझं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांकडे नेलं तर? ही ओळ एडी कॉक्रनच्या १९५८ च्या ‘समरटाइम ब्लूज’मधून उचललेली आहे. तिथे एका पोराला गाडी मिळत नाही, सुट्टी मिळत नाही, म्हणून तो थट्टेने म्हणतो संयुक्त राष्ट्रांकडे जातो. निव्वळ चेष्टा. हार्वीने ती चेष्टा झाडावर हातपाय लटकलेले बघून आलेल्या माणसाच्या तोंडी घातली. मी टवाळ माणूस, दिवसभर हेच करतो, पण इथे हसू येता येता घशातच अडकलं.

तुमचं ‘कसंनुसं’ झालं ना, ते बहुतेक त्या चालीनेच झालं. रडकी चाल असती तर तुम्ही एकदा ऐकून ‘किती दुःखद’ म्हणाला असता आणि भाजी फोडणीला टाकली असती.

मीनल_ठाणे
मधू, चक्क गंभीर? तब्येत बरी आहे ना? (हलके घ्या.)

पण एक शंका उरतेच. तिच्या मैफलीत हजारो लोक याच ओळींवर टाळ्या वाजवत डोलतात. त्यातल्या किती जणांना कसंनुसं होत असेल? चाल इतकी सोपी केली की शब्द न ऐकताही गाणं आवडतं. हा धोका तिने पत्करलाय, तो नाहीच असं म्हणू नका.

ब्रिस्टलची_सून
मीनल, हे खरं आहे. पबमध्ये हे गाणं लागलेलं ऐकलंय आणि लोक मजेत बिअर पीत होते. पण तिची पुढची पायरी मला जास्त खटकते. या अल्बमसाठी तिने शेमस मर्फी या छायापत्रकाराकडून प्रत्येक गाण्यावर एक अशा १२ छोट्या चित्रफिती करून घेतल्या. त्यात इंग्लंडचीच माणसं आहेत, म्हातारे, शाळकरी पोरं, सैनिक, आणि त्या सुंदर आहेत. मग दोघं कोसोवो, अफगाणिस्तान आणि वॉशिंग्टन फिरले आणि २०१६ मध्ये ‘द होप सिक्स डिमॉलिशन प्रोजेक्ट’ आला. त्यात वॉशिंग्टनच्या गरीब वस्तीचं वर्णन केल्यावर तिथले स्थानिक राजकारणी भडकले, की गाडीतून बघून काय लिहितेस. मला त्यांचं पटलं. गॅलिपोलीत शंभर वर्षांचं अंतर होतं, जबान्या होत्या. तिथे नुसती खिडकीची काच.

रानभैरी
‘होप सिक्स’बद्दल असहमत, पण त्यावर वेगळा धागा काढा, मी कडाडून भांडायला येते.

सांजवारा
सगळ्यांचे आभार. मधूचं म्हणणं बरंचसं पटलं, पण मीनलची शंका माझ्यासाठी अजून जिवंत आहे. काल पुन्हा ऐकताना मला दहावं ‘हँगिंग इन द वायर’ जास्त लागलं. पियानो, हळू आवाज, तारेत अडकलेली माणसं, मध्ये कुठलीही गंमत नाही. म्हणजे तिला सरळही गाता येतं. मग चौथ्यात तिने तसं का केलं नाही याचं ‘तेच तर म्हणायचंय’ हे उत्तर मला पुरत नाही. ते गाणं मी आता वगळून ऐकते. खुशाल हसा.

पुणेरी_पंचा
हसत नाही. मी बाकीची ११ वगळून ते एकच ऐकतोय दोन दिवस. ठेका झकास आहे. बाकी मत कायम.

सुभेदार_मेजर_नि.
अल्बम पूर्ण ऐकला. शेवटचं गाणं दोनदा. मित्र हरवला, मागे राहिलेला सांगतोय, आणि सांगताना मागची मंडळी साध्या आवाजात साथ देताहेत. बड्या खान्याच्या, म्हणजे पलटणीच्या मेजवानीच्या रात्री जवान असंच गातात. त्यांची चालही आनंदीच असते. सांजवारा ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच.

कृष्णाकाठचा
साहेब, तुमची पलटण कुठली?

सुभेदार_मेजर_नि.
मराठा. जुनी ११७ हीच आमची.

कृष्णाकाठचा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पाटीचा फोटो पाठवतो. पलटणीच्या कागदांत नावं सापडतील का, विचारायचं होतं.

चिकू_बर्फी
हे झालं तर इथेही कळवा.

काळी_मिरी
ज्यांनी हार्वी अजिबात ऐकलेली नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी की जुन्या अल्बमपासून?

रानभैरी
इथून करा, मग ‘टू ब्रिंग यू माय लव्ह’. १९९३ चा ‘रिड ऑफ मी’ लावाल तेव्हा सुरुवातीला काही ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका. दोनेक मिनिटांनी कान फाटतील आणि शेजारी बेल वाजवतील.